दुसरी डिस्क

ती सीडी मी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर पन्नास रुपयांना घेतली आणि कराडला पोचेपर्यंत शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवली. चोरीचा माल असा माझा पक्का समज. २००० सालचा जुलै होता. मी कराडात एका छोट्या प्रेसमध्ये डीटीपीचं काम करायचो आणि मालकांनी मला टोनर आणायला मुंबईला पाठवलं होतं. मालकांना सगळे आबा म्हणत, मीही. लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण त्या नावानं पत्ता विचारणारा माणूस मला तिथं भेटला नाही. खोक्यावर सीडी मांडून एक पोरगा बसला होता. विंडोज, पेजमेकर, गेम, सिनेमे, सगळ्याला एकच पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि एकच भाव. त्यात एका सीडीवर मार्करनं रेड हॅट ६.२ असं खरडलेलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं लिनक्स. तीच मी घेतली. कोपऱ्यावर हवालदार दिसला तसा मी छातीवर हात घट्ट धरून चालू लागलो. छातीत कळ आलेल्या माणसासारखा दिसत असणार.

त्या खोक्यावर कायद्यानं विकता येण्याजोगी बहुधा तेवढी एकच सीडी होती, हे मला वर्षभरानं कळलं. लिनस टोरवाल्ड्सनं हेलसिंकीत १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला तेव्हा त्याची अट होती की नकला वाटा, पण पैसे घेऊ नका. १९९२ मध्ये त्यानं ती अट सोडली आणि रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाचा जीपीएल परवाना लावला. नक्कल करा, बदला, वाटा, वाटल्यास विका, फक्त घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क द्या आणि मूळ सोर्स द्या, असा तो परवाना. म्हणजे पोरग्याचे पन्नास रुपये रीतसर होते. त्यानं सोर्सची सीडी दिली नाही, तेवढाच काय तो त्याचा गुन्हा. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दानं फुकट आणि मुक्त असा दोन्हींचा घोळ होतो म्हणतात. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, पण मी त्यातला एकच उचलला होता.

फुटपाथवरून घ्यायचं कारणही सांगतो. तेव्हा साडेसहाशे एमबीची सीडी उतरवून घ्यायची तर आमच्या टेलिफोनवरून सेकंदाला चार केबी येणार, म्हणजे सलग शेहेचाळीस तास. आणि लाइन सलग शेहेचाळीस मिनिटं टिकली तरी आम्ही देवाला नारळ फोडायचो. पीसीक्वेस्ट मासिक अधूनमधून लिनक्सची सीडी अंकाबरोबर द्यायचं. देशभर कितीतरी लोकांना पहिली नक्कल तशीच मिळाली. पण आमच्या स्टँडवरच्या स्टॉलवर अंक यायचा तो एखादा आणि मी पोचेपर्यंत तो गेलेला असायचा. खरा सोपा रस्ता वेगळाच होता. कृष्णेचा पूल ओलांडला की विद्यानगर आणि तिथं इंजिनिअरिंगची पोरं खोल्या करून राहायची. त्यांच्यात लिनक्सवर काम करणारे होते, हे मला ठाऊक होतं. त्यातले दोघे तर प्रोजेक्ट रिपोर्ट छापायला आमच्याकडेच यायचे. पण मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. त्यांना विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे काउंटरच्या या बाजूनं कबूल करायचं. त्यापेक्षा मुंबईचा फुटपाथ बरा वाटला.

प्रेसमधलं मशीन सेलेरॉनचं, चौसष्ट एमबी रॅम, ४.३ जीबीची डिस्क. त्यात दुसरी एक जुनी, २.१ जीबीची. ही दुसरी डिस्क आबांच्या डोक्यातून आलेली. आबा कंपोझच्या खिळ्यांच्या काळातले, काँप्युटरला हात लावायचे नाहीत. पण एक पेटी फुटली तर दुसरीत माल पाहिजे, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं. दर शनिवारी संध्याकाळी सगळं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं आणि मगच शटर ओढायचं, हा नेम. दोन्ही डिस्क एकाच डब्यात होत्या, यात काही चूक आहे असं त्यांना वाटलं नव्हतं आणि मलाही नाही.

त्या शनिवारी आबा गावी गेले. मी नेमाप्रमाणे सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, म्हणजे निदान तेवढं तरी केलं, असं नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मग शटर अर्धं ओढून सीडी घातली.

रेड हॅटचा इन्स्टॉलर विचारतो, कुठल्या प्रकारची मांडणी हवी? वर्कस्टेशन, सर्व्हर की कस्टम. वर्कस्टेशन म्हणजे आपलं साधं टेबलावरचं मशीन. ते घेतलं असतं तर त्यानं विंडोजला हात लावला नसता, फक्त आधीचं लिनक्स असेल तर ते पुसलं असतं. कस्टम म्हणजे आपल्या हातानं डिस्कच्या वाटण्या, म्हणजे पार्टिशन, करा. सर्व्हर मात्र असं गृहीत धरतो की मशीन माझं एकट्याचं आहे. तो मशीनमधल्या सगळ्या डिस्कवरच्या सगळ्या वाटण्या मोडतो, विंडोजच्या असोत नाही तर कुणाच्याही. मी सर्व्हर निवडलं. कारण एवढंच की त्या तीन शब्दांत तो सर्वांत भारी वाटला. सायबर कॅफेवाल्याकडे ‘सर्व्हर’ होता आणि तो त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा.

इशारा पडद्यावर आला होता. तो मी वाचलाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे अनेक वर्षं ‘तेव्हा इशारेबिशारे नव्हते’ असं मी लोकांना सांगत आलो. वाचला, आणि ‘सगळ्या डिस्क’ म्हणजे लिनक्सच्या सगळ्या डिस्क असतील असा आपल्या सोयीचा अर्थ लावून पुढे गेलो.

तासाभरानं मशीन पुन्हा सुरू झालं. मासिकात पाहिलेला तो रंगीत पडदा, खिडक्या, पाऊलखुणेचं चित्र, यातलं काही नाही. सर्व्हरला चित्रं लागत नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: रेड हॅट लिनक्स, आवृत्ती ६.२ आणि कंसात तिचं टोपणनाव, झूट. त्याखाली ‘लॉगिन’ आणि लुकलुकणारी रेघ. पासवर्ड मी ठरवला होता, पण नाव काय टाकायचं? माझं नाव टाकलं, प्रेसचं टाकलं, आबांचं टाकलं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, म्हणून कीबोर्ड बिघडला समजून वायर काढून परत लावली. ‘रूट’ हे नाव सुचायला पाऊण तास गेला. आत शिरलो तर पुन्हा काळा पडदा आणि एक चौकोनी चिन्ह. विंडोज कुठे गेलं, कसं शोधायचं, माहीत नाही. रात्रीचे दोन वाजले होते. दुसरी डिस्क कशी बघायची हेही माहीत नव्हतं आणि खरं म्हणजे बघायची भीती वाटत होती.

इथपर्यंतची चूक अडाणीपणाची. पुढची तशी म्हणता येणार नाही.

रविवारी दिवसभर मी पुरावा नाहीसा करत बसलो. विंडोज ९८ ची बूट फ्लॉपी लावून एफडिस्कनं लिनक्सच्या वाटण्या पुसायला गेलो. काही पुसल्या, काही त्याला दिसेचनात. मिळेल त्या जागेवर फॉरमॅट मारला. शेवटी मशीन सुरू केलं की पडद्यावर ‘एल’, ‘आय’ ही दोन अक्षरं यायची आणि सगळं तिथंच थांबायचं. सोमवारी आबा आले तेव्हा मी बाहेर पायरीवर बसलो होतो. म्हणालो, “शनिवारी रात्री लाइट चार वेळा गेली-आली. डिस्क उडाली वाटतं.”

त्या दिवसांत लाइटवर काहीही खपायचं. आबांनी कपाळावर हात मारला, मला एका शब्दानं बोलले नाहीत आणि हार्डवेअरवाल्याला बोलावलं. तो माणूस मात्र जाणता होता. म्हणाला, “लाइटनं डिस्क गेली असती तर दिसलीच नसती. ह्या दोन्ही दिसतात, पण रिकाम्या दिसतात.” आदल्या वर्षी, १९९९ च्या २६ एप्रिलला, चेर्नोबिल नावाच्या व्हायरसनं जगभर डिस्कची सुरुवातच खाऊन टाकली होती. त्याला तेच आठवलं. “व्हायरसनं डोकं खाल्लेलं दिसतंय. ही दोन अक्षरं कसली रं येतात?” मी म्हणालो, “काय म्हाईत.” मग त्यानं विचारलं, दोन्ही डिस्क कोऱ्या करून देऊ का? आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

काय गेलं ते सांगतो. लग्नपत्रिकांचे नमुने गेले, त्याचं विशेष नाही. एका पतसंस्थेचा अहवाल गेला. पण मोठं होतं ते एका गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. जुन्या विद्यार्थ्यांचे सत्तावीस लेख, श्रीलिपीत टाइप केलेले, दोनदा मुद्रितं तपासून झालेले. हस्तलिखितं बहुतेक परत गेली होती. आबांनी ती पुन्हा गोळा केली. काही मिळाली नाहीत, तिथं लोकांना पुन्हा लिहायला सांगितलं. एक लेखक मधल्या काळात वारले होते. त्यांचा लेख पहिल्या मुद्रिताच्या रद्दी कागदावर अर्धा सापडला आणि स्मरणिकेत तो तसाच, अर्धा छापला आहे.

आता मदतीबद्दल. प्रेसमधलं लिनक्स पुसलं गेलं, माझ्या डोक्यातलं गेलं नाही. पुढल्या दिवाळीच्या बोनसमधून मी एक जुनं पेंटियम घरी आणलं आणि त्यावर तीच सीडी घातली, या वेळी वर्कस्टेशन निवडून. पाऊलखुणेचं चित्र आलं. पण मोडेम काही चालेना. तेव्हा स्वस्तातले आतल्या आत बसणारे मोडेम अर्धवट असायचे. त्यांचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं, म्हणून त्यांना विनमोडेम म्हणत. म्हणजे अडचण अशी की मदत इंटरनेटवर, इंटरनेट मोडेमवर आणि मोडेम विंडोजवर. मी कॅफेत जाऊन तासाला पैसे मोजून उपाय वहीत उतरवायचो, घरी येऊन टाइप करायचो आणि ते चालायचे नाहीत. इंग्रजी एल आणि आकडा एक, उणे आणि रिकामी जागा, यांची माझ्या अक्षरात खिचडी व्हायची. मजा म्हणजे सीडीवरच हाऊटू नावाची कागदपत्रं ढिगानं होती. मोडेमवर, छपाईवर, डिस्कवर, लोकांनी निगुतीनं लिहिलेली, घरच्या मशीनवर केव्हाच येऊन पडलेली. ती मी सहा महिने उघडलीच नाहीत. तासाचे पैसे देऊन वाचलेलं तेवढं खरं, असं काहीतरी डोक्यात असणार.

शेवटी २००१ मध्ये मी एसटीनं पुण्याला गेलो. लिनक्स वापरणाऱ्यांचे गट तेव्हा मोठ्या शहरांतून उभे राहत होते. अशा गटाला ‘लग’ म्हणायची पद्धत आहे. पुण्यातली मंडळी एका रविवारी जमणार असं कळलं होतं. वीसेक माणसं, खुर्च्या कमी, चहा जास्त. मोडेमचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. आतला फेकून द्या, बाहेरचा, सीरियल पोर्टला लागणारा घ्या. मग मला राहवेना. मी म्हणालो, “माझ्या एका मित्राचं असं झालं...”

ऐकणारे गृहस्थ पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, शेजारी छत्री. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, इन्स्टॉलरमध्ये नेमकं काय निवडलं? मी म्हणालो, मित्राला आठवत नाही. त्यांनी वही मिटली. म्हणाले, नंतर पडद्यावर काय आलं? मी म्हणालो, एल आणि आय. त्यांनी वही पुन्हा उघडली. लिनक्स सुरू करणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामचं नाव लिलो. तो स्वतःचं नाव एकेक अक्षरानं लिहीत पुढं जातो आणि जिथं अडतो तिथं अक्षरं थांबतात. एल, आय आलं म्हणजे पहिला टप्पा झाला, दुसरा सापडला पण चालला नाही. “म्हणजे तुमच्या मित्रानं लिनक्स लागल्यानंतर वरून काहीतरी केलंय. काय केलं?” मी गप्प. “तुमचा मित्र आत्ता इथं असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. हे त्यांनी पुणेरी हसून म्हटलं की अगदी साधेपणानं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मग मी सांगितलं. सर्व्हर, फ्लॉपी, लाइट, चेर्नोबिल, सगळं. त्यांनी फक्त एकच विचारलं, “दुसरी डिस्क केवढी होती?” २.१ जीबी. “पहिली ४.३ ची असताना लिनक्सनं दुसरीवर फारसं काही लिहिलं नसणार. वाटण्यांचा तक्ता मोडला असेल, म्हणजे नकाशा फाडला. माल बहुतेक जागेवरच होता. त्या रविवारी कुणाला विचारलं असतंत तर नकाशा पुन्हा काढता आला असता. तसे प्रोग्राम आहेत.” मी विचारलं, आता? ते म्हणाले, “आता तिच्यावर वर्षभराचं काम चढलं असेल ना?” चढलं होतं. दर शनिवारी मीच चढवत होतो.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली होती, तरी खंबाटकीचा घाट कधी आला ते मला आठवत नाही.

वाटेल की यानंतर माणूस सुधारला असेल. थोडा सुधारला, आणि मग वेगळ्याच बाजूनं बिघडला. २००४ मध्ये मी स्वतःचा क्लास काढला. त्याच ऑक्टोबरात उबुंटू निघालं. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थनं पैसा घातलेलं आणि नावही तिकडच्याच भाषांतून घेतलेलं. त्यांची शिपइट नावाची योजना होती. पत्ता द्या, छापील सीडी टपालानं घरी येतील, टपालखर्चसुद्धा नाही. शर्टात लपवून आणलेल्या सीडीनंतर मला हे अंगावर मोरपीस फिरवल्यासारखं वाटलं. एका पाकिटात दोन सीडी, एक लावून नुसती बघायची, दुसरी डिस्कवर चढवायची. मी पहिल्यांदा दहा मागवल्या. मग जास्त हव्यात, तर कारण लिहा असं होतं. मी लिहिलं, ग्रामीण शाळांना वाटायच्या आहेत. एकाही शाळेशी बोललो नव्हतो. खोकं आलं. कपाटात रचून ठेवलं आणि येईल त्याला दाखवत बसलो, लग्नात अहेर मांडतात तसं. उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. नवी निघाली की मी नवं खोकं मागवायचो, जुनं तसंच. शेवटी त्यातल्या कितीतरी सीडी मेहुण्यानं द्राक्षबागेत पाखरं हाकलायला दोऱ्यानं टांगल्या. परदेशातल्या कुणीतरी छापून, पॅक करून, तिकीट लावून पाठवलेल्या. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. त्यात माझ्यासारख्यांचा वाटा किती, ते सोडा.

ज्या थोड्या वाटल्या त्या कशा वाटल्या? क्लासच्या पोरांच्या हातात पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, घाला आणि बघा. दोन सीडींतला फरकही सांगायचो नाही. कुणी अडचण घेऊन आलंच तर, “मॅन पेज वाच,” म्हणजे मशीनमधलंच मदतीचं पान. हे वाक्य मी कुठून उचललं होतं ते मला माहीत आहे, आणि उच्चारताना बरं वाटायचं हेही.

२००६ च्या मे महिन्यात एक पोरगा सायकलवर सीपीयू बांधून आला. घामाघूम. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “सर, मी चुकीची सीडी घातली. ‘इरेज एन्टायर डिस्क’वर एंटर मारला. फॉरमॅट होतंय असं दिसलं तेव्हा वायर उपटली. त्यानंतर चालू केलं नाही. डी ड्राइव्हवर ताईच्या लग्नाचे फोटो आहेत.” एका दमात सगळं. कुठली सीडी, कुठलं बटण, कुठं थांबवलं, नंतर काय केलं नाही. मला विचारायला काही उरलंच नव्हतं. सीडीवरूनच चालणारं नॉपिक्स लावलं, वाटण्या शोधणारं टेस्टडिस्क चालवलं, वीस मिनिटांत जुन्या वाटण्या पडद्यावर उमटल्या. सी ड्राइव्ह खराब झाली होती, डी जशीच्या तशी. हळदीचा पहिला फोटो उघडला तेव्हा पोरगं रडायला लागलं आणि मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेलो.

त्याच आठवड्यात आबांकडे गेलो. प्रेस मुलाच्या हातात होती, आबा घरीच असायचे. सोफ्यावर बसून मी सगळं सांगितलं. लॅमिंग्टन रोडपासून एल-आयपर्यंत. दुसऱ्या डिस्कवर बहुतेक सगळं शिल्लक होतं आणि मी मान हलवली म्हणून ते गेलं, हेही. सहा वर्षं घोकलेलं असल्यामुळे फार वेळ लागला नाही.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सत्तावीस लेख. तुझी वैनी वाचून दावायची आन् मी बघत बसायचो, तू टायपायचास. रात्री अकरा-अकरा वाजायचे. तुला ओव्हरटाइम दिला होता मी त्याचा.”

दिला होता. मी घेतलाही होता.

“केवढ्याला आणलीवतीस ती सीडी?”

“पन्नास.”

“आन् ती फुकट मिळती म्हणतोस.”

एवढं बोलून त्यांनी आत हाक मारली आणि चहा टाकायला सांगितला, एकच कप, माझ्यासाठी. त्यांचा झाला होता.